रिमोटवरचं विमान पहिल्यांदा उडवताय? आधी जमिनीवर या गोष्टी तपासा

११ नोव्हेंबर २०१८ ची गोष्ट. देखभालीचं काम संपवून एअर अस्तानाच्या एम्ब्रेअर १९० विमानानं पोर्तुगालमधून उड्डाण केलं आणि लगेचच ते वैमानिकांच्या हाताबाहेर जाऊ लागलं. बऱ्याच झुंजीनंतर, तिसऱ्या प्रयत्नात ते बेजा इथल्या तळावर उतरलं. विमानातले सहाही जण वाचले. तपासात कळलं की एलेरॉनच्या केबल उलट जोडल्या गेल्या होत्या.

एलेरॉन म्हणजे पंखांच्या मागच्या कडेला असलेल्या हलत्या पट्ट्या. विमान डाव्या-उजव्या बाजूला कलतं ते त्यांच्यामुळे. हीच चूक घरी जोडलेल्या रिमोट कंट्रोल विमानातही होऊ शकते. मग कित्येक आठवड्यांची मेहनत काही सेकंदांत मातीत जाते. ही चूक जमिनीवर मात्र मिनिटभरात सापडते.

दिशा कशी तपासायची?

सर्वांत आधी पंखा, म्हणजे प्रोपेलर, काढून ठेवा. मोटर अचानक सुरू झाली, तर तो बोटं कापू शकतो. आधी रिमोट सुरू करा, मग विमानाची बॅटरी जोडा. बंद करताना उलटा क्रम ठेवा.

आता विमानाच्या मागे उभे राहा. कांडी उजवीकडे नेली की उजवा एलेरॉन वर आणि डावा खाली गेला पाहिजे. कांडी स्वतःकडे ओढली की शेपटीची आडवी पट्टी (एलिव्हेटर) वर उचलली पाहिजे. रडर उजवीकडे दिलं की उभी पट्टी उजवीकडे वळली पाहिजे. काही उलटं दिसलं, तर रिमोटच्या सेटिंगमध्ये ते चॅनल रिव्हर्स करा.

तोल का महत्त्वाचा?

विमान ज्या बिंदूवर तोललं जातं, तो त्याचा गुरुत्वमध्य. शिकाऊ विमानांमध्ये तो साधारणपणे पंखाच्या पुढच्या कडेपासून पंखाच्या रुंदीच्या २५ ते ३३ टक्के अंतरावर असतो. पंख २० सेंटिमीटर रुंद असेल, तर ५ ते साडेसहा सेंटिमीटरवर. विमानासोबतच्या माहितीपत्रकात आकडा दिला असेल, तर तोच धरा.

बॅटरी आत बसवून, पंखाखाली त्या खुणांवर दोन बोटं ठेवून विमान उचला. नाक किंचित खाली झुकलं तरी चालेल, शेपूट खाली जाता कामा नये. हौशी वैमानिक म्हणतात, नाक जड असलेलं विमान नीट उडत नाही, पण शेपूट जड असलेलं एकदाच उडतं. वजन लावण्याआधी बॅटरी पुढे-मागे सरकवून पाहा.

सिग्नल तुटला तर?

प्रोपेलर काढलेला असतानाच मोटर हळू चालू ठेवा आणि रिमोट बंद करा. मोटर थांबली पाहिजे. यालाच फेलसेफ म्हणतात. त्यानंतर रिमोट रेंज-चेकवर टाकून सुमारे ३० पावलं दूर जा. पट्ट्या न अडखळता हलल्या पाहिजेत. नेमकं अंतर रिमोटच्या माहितीपत्रकात दिलेलं असतं.

जागा आणि वेळ

भारतात ड्रोन नियम, २०२१ अशा विमानांनाही लागू होतात. ‘डिजिटल स्काय’च्या नकाशावर आधी जागा पाहा. लाल भागात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उडवता येत नाही. मोकळं मैदान आणि मंद वाऱ्याची सकाळ निवडा. जवळपास माणसं, विजेच्या तारा नकोत.

उड्डाण नेहमी वाऱ्याच्या दिशेला तोंड करून घ्या. आधी उंची गाठा, मग वळा. चूक सावरायला उंचीच कामी येते. पहिल्या वेळी शेजारी अनुभवी माणूस असलेला बरा. बॅटरी पूर्ण संपण्याची वाट न पाहता चार-पाच मिनिटांत उतरवा.

आणि यातली एकही तपासणी फसली, तर त्या दिवशी विमान घरी न्या. दुरुस्ती टेबलावरच करावी, मैदानात घाईघाईत नाही.