पारसनिसांचा संग्रह आणि बालाघाटचे कागद

मराठी इतिहाससंशोधनाच्या पहिल्या पन्नास वर्षांत विद्यापीठातील अध्यापकांपेक्षा मासिके आणि नियतकालिके चालविणाऱ्यांनी अधिक कागद वाचविले. १८७८ मध्ये काशीनाथ नारायण साने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘काव्येतिहाससंग्रह’ हे मासिक सुरू करून बखरी व पत्रे छापावयास प्रारंभ केला, आणि त्यांच्यामागून आलेल्या पिढीत हेच काम साताऱ्याच्या दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी अधिक मोठ्या प्रमाणावर केले. पारसनिसांचा जन्म १८७० चा. ‘महाराष्ट्र कोकिळ’ हे मासिक त्यांनी १८८७ मध्ये, म्हणजे वयाच्या सतराव्या वर्षी काढले, पुढे ‘भारतवर्ष’ आणि त्यानंतर १९०८ पासून ‘इतिहाससंग्रह’ चालविले. संपादकाला दर महिन्याला नवा मजकूर लागतो, आणि हा मजकूर जुन्या वाड्यांतील दप्तरांत पडून आहे हे पारसनिसांनी फार लवकर ओळखले. त्यांच्या संग्रहाच्या वाढीचे खरे कारण त्यांच्या विद्वत्तेइतकेच या निकडीत शोधावे लागते.

दप्तर म्हणजे एखाद्या घराण्याचा किंवा कचेरीचा कागदांचा साठा, आणि त्यातील एकेक गठ्ठा कापडात बांधलेला असतो म्हणून त्याला रुमाल म्हणतात. हे कागद बहुतांशी मोडी लिपीत, म्हणजे लेखणी न उचलता भराभर लिहिण्याच्या वळणदार लिपीत असल्यामुळे ते आधी वाचावे, मग बालबोधीत, म्हणजे देवनागरीत उतरवावे आणि त्यानंतरच छापावे लागतात. वाईजवळच्या मेणवलीतील नाना फडणिसांच्या दप्तराचा मोठा भाग पारसनिसांच्या हाती आला, आणि पेशवाईच्या उत्तरार्धातील पत्रव्यवहाराचा त्यांचा संग्रह त्यामुळे असाधारण ठरला. ‘दिल्ली येथील मराठ्यांची राजकारणे’ या नावाने त्यांनी दिल्लीतील मराठा वकिलांची पत्रे छापली. तेथे वकील म्हणजे न्यायालयातला नव्हे, तर परदरबारी नेमलेला प्रतिनिधी.

साताऱ्याचा हा संपादक आपल्या जिल्ह्याचा इतिहासकारही होता. सातारा, महाबळेश्वर, पन्हाळा, सांगली संस्थान आणि जुने पुणे यांवर त्यांनी इंग्रजीत छोटी पुस्तके लिहिली, आणि सनदी अधिकारी सी. ए. किंकेड यांच्यासह मराठ्यांचा तीन खंडांचा इतिहास १९१८ ते १९२५ या काळात सिद्ध केला. मध्य प्रदेशातील वाचकांना मात्र त्यांचे नाव बहुधा झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंच्या १८९४ मधील मराठी चरित्रामुळे परिचित असेल, कारण राणीने परिस्थितीच्या दडपणाखाली शस्त्र उचलले या त्यांच्या मताचा प्रतिवाद वृंदावनलाल वर्मा यांनी आपल्या हिंदी कादंबरीच्या प्रस्तावनेत केला आहे. ज्या लेखकाचे मत खोडून काढण्यासाठी पन्नास वर्षांनंतरही लेखणी उचलावी लागते, त्याने जमविलेली सामग्री दुर्लक्ष करण्याजोगी नसते.

मासिकासाठी पत्रे निवडून छापण्याच्या या पद्धतीत एक उणीव मात्र होती, आणि ती लपविण्याचे कारण नाही. जुन्या मराठी पत्रांत पुष्कळदा केवळ महिना व चंद्राची तिथी दिलेली असते, वर्षाचा उल्लेख नसतो. अशा पत्राचा काळ ठरविताना ते कोणत्या रुमालात, कोणत्या पत्रांच्या शेजारी होते, हेच पहिले साधन ठरते. मासिकासाठी निवडून काढलेले पत्र आपल्या जागेवरून एकदा सुटले की ते वाचता येते, पण त्याच्या शेजाऱ्यांची साक्ष हरवते. संपादकाला लक्षवेधी पत्र हवे असते आणि अभिलेखागाराला, म्हणजे मूळ दस्तऐवज जतन करणाऱ्या संस्थेला, कंटाळवाणे पत्रदेखील हवे असते; या दोन गरजा एकाच माणसात क्वचितच नांदतात. पारसनिसांच्या आयुष्याच्या अखेरीस साताऱ्यात त्यांच्या संग्रहासाठी सरकारी साहाय्याने वस्तुसंग्रहालय उभे राहिले, परंतु १९२६ मध्ये ते निवर्तले आणि १९३९ मध्ये हा संग्रह पुण्याच्या डेक्कन कॉलेजात हलविण्यात आला. संग्रह वाचला, मात्र साताऱ्याला त्याचे कागद पुण्यात जाऊन पाहावे लागू लागले.

बालाघाटच्या वाचकाला यातला शेवटचा भाग ओळखीचा वाटेल. हा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता, १८५४ मध्ये ते राज्य इंग्रजांनी खालसा केले, १८६७ मध्ये बालाघाट हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले तेव्हा बालाघाट मध्य प्रदेशातच राहिला. त्यामुळे ज्या नागपूरहून शंभराहून अधिक वर्षे या जिल्ह्याचा कारभार पाहिला गेला ते नागपूर आता दुसऱ्या राज्यात आहे, आणि लांजी किंवा वारासिवनीच्या इतिहासाचा अभ्यासक दोन राज्यांच्या कचेऱ्यांमध्ये विभागला जातो. सी. ई. लो यांचे १९०७ चे जिल्हा गॅझेटियर, म्हणजे सरकारी माहितीग्रंथ, उपयुक्त आहे; पण ते कारभाऱ्याच्या नजरेतून लिहिलेले आहे, आणि मालगुजारांच्या, म्हणजे सारा गोळा करून देणाऱ्या गावमालकांच्या घरांतील मोडी व हिंदी कागद त्यात बोलत नाहीत. तालुक्याच्या ठिकाणी निघणाऱ्या साप्ताहिकांचे जुने अंक हा दुसरा आधार. पण ज्या कागदावर ते छापले गेले तो स्वस्त असल्याने पिवळा पडून तुटतो.

अशा अंकांसाठी भोपाळमध्ये १९८४ पासून माधवराव सप्रे स्मृती समाचारपत्र संग्रहालय काम करीत आहे. सप्रे हे मराठी मातृभाषेचे. १९०० मध्ये पेंड्रा येथून त्यांनी ‘छत्तीसगढ मित्र’ काढले, नागपुरात १९०७ मध्ये ‘हिंदी केसरी’ चालविला आणि टिळकांचे ‘गीतारहस्य’ हिंदीत आणले. जिल्ह्यातील ज्या घरांत जुने अंक किंवा दप्तर आहे त्यांनी ते रद्दीत घालण्यापूर्वी अशा संस्थेला दाखवावे; परंतु रुमाल सोडण्याआधी तो कोणाच्या घरचा, कोठे ठेवलेला आणि त्यातले कागद कोणत्या क्रमाने होते, याची नोंद एका चिठ्ठीवर करून ती आत ठेवावी.