वसंत शंकर हुजूरबाजार

वसंत शंकर हुजूरबाजार (१५ सप्टेंबर १९१९ – १५ नोव्हेंबर १९९१) हे भारतीय संख्याशास्त्रज्ञ व पुणे विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागाचे संस्थापक-प्रमुख होते. आकलनाच्या सिद्धांतातील, विशेषतः लाइकलीहुड समीकरणाच्या उत्तरांविषयीच्या, कार्यासाठी ते ओळखले जातात. ते मूळचे कोल्हापूरचे.

केंब्रिज

हुजूरबाजार यांनी केंब्रिज विद्यापीठात हॅरल्ड जेफ्रीस यांच्या मार्गदर्शनाखाली डॉक्टरेटसाठी संशोधन केले. जेफ्रीस हे भूभौतिकीतही मोठे नाव होते. भूकंपलहरींच्या प्रवासकाळाची त्यांची कोष्टके जगभर वापरली गेली. संभाव्यतेवरील आपल्या ग्रंथात जेफ्रीस यांनी या विद्यार्थ्याच्या निष्कर्षांचा नावानिशी उल्लेख केला आहे.

संशोधन

हुजूरबाजार यांच्या संशोधनाचा एक मोठा भाग सफिशिअंट स्टॅटिस्टिक या संकल्पनेभोवती आहे. समजा, लातूरच्या बाजारातून आणलेल्या तुरीचे १०० दाणे उगवणक्षमता तपासण्यासाठी पेरले. एकूण किती दाणे उगवले एवढी एकच संख्या ठेवली आणि कोणता दाणा उगवला, कोणता नाही ही सारी यादी फेकून दिली, तरी उगवणीच्या प्रमाणाविषयीची कोणतीही माहिती हरवत नाही. अशा पुरेशा संख्येला सफिशिअंट स्टॅटिस्टिक म्हणतात. ती कोणत्या वितरणांना लाभते आणि लाभल्यास काय साधते, हा प्रश्न त्यांनी अनेक बाजूंनी हाताळला. या विषयावरील त्यांचा ग्रंथ १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला.

त्यांचा सर्वाधिक उद्धृत होणारा लेख मात्र १९४८ चा आहे. तो ‘अ‍ॅनल्स ऑफ युजेनिक्स’ या नियतकालिकात आला. (आज हे नाव खटकते, त्या काळी संख्याशास्त्रातले अनेक महत्त्वाचे लेख तेथेच छापले जात.) हाती आलेली निरीक्षणे ज्या प्राचलमूल्याला सर्वाधिक संभवनीय ठरतील ते मूल्य निवडावे, ही रोनाल्ड फिशर यांची पद्धत. प्रत्यक्षात त्यासाठी एक समीकरण सोडवावे लागते आणि त्याला कधीकधी अनेक उत्तरे असतात. हॅराल्ड क्रामेर यांनी १९४६ मध्ये दाखवले होते की काही अटी पाळल्या गेल्यास त्यांपैकी एखादे उत्तर सुसंगत असते, म्हणजे नमुना वाढत जाईल तसे ते खऱ्या मूल्याकडे जाते. पण अशी सुसंगत उत्तरे दोन असली तर? आणि त्या ठिकाणी लाइकलीहुड महत्तमच असेल कशावरून?

हुजूरबाजार यांनी एका प्राचलासाठी दोन्ही शंका मिटवल्या. नमुना मोठा होत गेला की सुसंगत उत्तरापाशी महत्तमच सापडण्याची संभाव्यता १ कडे जाते. शिवाय असे उत्तर एकच असते. सुसंगत उत्तरे दोन मानली, तर रोलच्या प्रमेयानुसार त्यांच्या दरम्यान दुसरा विकलज शून्य होणारा बिंदू असलाच पाहिजे. तोही खऱ्या मूल्याजवळच असणार, आणि तेथे तर विकलज ऋण असतो. म्हणून विसंगती येते. सिद्धता इतकी छोटी आहे की ती पदव्युत्तर वर्गात फळ्यावर सहज मांडता येते. अनेक उत्तरांपैकी सुसंगत कोणते, हे मात्र हे प्रमेय सांगत नाही, आणि ही मर्यादा वाचकांच्या नजरेतून अनेकदा निसटते. अनेक प्राचलांपर्यंत निष्कर्ष नेण्याचा के. सी. चंदा यांचा १९५४ चा प्रयत्न सदोष असल्याचे १९७५ मध्ये दाखवले गेले, कारण रोलचे प्रमेय तेथे त्याच रूपात चालत नाही.

अध्यापन

१९५३ ते १९७६ अशी तेवीस वर्षे ते पुण्यात विभागप्रमुख होते. विद्यापीठाची स्थापना १९४९ ची असल्याने विभागाची घडण जवळजवळ आरंभापासून त्यांच्या हातून झाली. मराठवाड्यात १९९४ मध्ये स्थापन झालेल्या नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात हा विषय गणितीय विज्ञान संकुलात शिकवला जातो. १९७९ पासून अखेरपर्यंत हुजूरबाजार अमेरिकेतील डेन्व्हर विद्यापीठात प्राध्यापक होते.

सन्मान

केंब्रिज विद्यापीठाचे १९६० चे अ‍ॅडम्स पारितोषिक त्यांना मिळाले. भारत सरकारने १९७४ मध्ये त्यांना पद्मभूषण दिले. त्यांच्या कन्या स्नेहलता व अपर्णा याही संख्याशास्त्रज्ञ आहेत.