मावशींची वही

रविवारी दुपारचे तीन वाजले की आमच्या ओसरीवर चपलांची रांग लागते. आठवड्यातली सुट्टी ही एकच. घरचं धुणं, दळण, पै-पाहुणा सगळं याच दिवशी. तरीही सात-आठ जणी वेळ काढून येतात. कुणी चाळिशीची, कुणी पंचावन्नची. प्रत्येकीच्या पिशवीत एक शंभर पानी वही. गल्लीतल्या शेजारणींना वाटतं, ताईंनी नवीन भजनी मंडळ सुरू केलं की काय!

भजनी मंडळ नाही, ही शाळा आहे. आणि विद्यार्थिनी आहेत आमच्या तालुक्याच्या गावातल्या, दुसऱ्यांची मुलं सांभाळणाऱ्या मावशी.

मैत्रिणींनो, आपल्या छोट्या गावांतही आता घरोघरच्या सुना नोकरी करतात. कुणी बँकेत, कुणी शाळेत, कुणी दवाखान्यात नर्स. २०१७ साली कायदा बदलला आणि बाळंतपणाची भरपगारी रजा सव्वीस आठवडे झाली. पन्नास किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असतील तिथं पाळणाघराची सोय हवी, असंही त्याच कायद्यात आलं. पण आपल्या गावातल्या बँकेच्या शाखेत माणसं असतात आठ-दहा. तिथलं पाळणाघर म्हणजे कोपऱ्यावरची मावशीच! सकाळी साडेनऊला बाळ तिच्या हातात द्यायचं, संध्याकाळी सहाला घ्यायचं. बाळ जागं असतं त्यातला बहुतेक वेळ तिच्याजवळच. पहिलं पालथं पडणं, पहिलं पाऊल आईच्या आधी तिच्याच नजरेला पडतं. एक मावशी मला हळूच म्हणाली होती, "ताई, बाळ पहिल्यांदा चाललं की मी सांगतच नाही. संध्याकाळी त्याच्या आईसमोर चालू दे, तिला वाटू दे आजच चाललं म्हणून."

खरं सांगते, 'मुलं सांभाळायला काय शिकायचं? बाईला उपजतच येतं ते,' असं मलाही वाटायचं. मी बी.ए. झालेली, दोन मुलं वाढवलेली. बचत गटाच्या बैठकीत मात्र एका मावशीनं विचारलं, "ताई, माझ्याकडचं बाळ नऊ महिन्यांचं झालं, रांगत नाही. आई म्हणते वॉकर आणते. आणू दे का?" सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मला उत्तर येत नव्हतं. "डॉक्टरांना विचारा," म्हणून वेळ मारून नेली, पण घरी आल्यावर ते मनाला टोचत राहिलं.

दुसऱ्या दिवशी अंगणवाडी सेविकेकडे गेले. तिनं कपाटातून माता-बाल संरक्षण कार्ड काढलं. आपल्यापैकी प्रत्येकीकडे गरोदरपणात असतंच ते. आपण त्यात लसीच्या तारखा तेवढ्या बघतो. पण त्याच्याच आतल्या पानांवर चित्रं असतात. कितव्या महिन्यात मूल काय करायला लागतं आणि त्याच्याशी आपण कसं खेळायचं, ते त्यात दिलेलं असतं. घरात कार्ड होतं, पण ती पानं मी कधी उघडलीच नव्हती!

तिथून आमची रविवारची शाळा सुरू झाली. सेविका महिन्यातून एकदा येते. बाकीचे रविवार आम्हीच वाचतो, बोलतो. ज्या दोघींना लिहिता येत नाही, त्या वहीत चित्रं काढतात.

पहिला धडा अर्थातच वॉकरचा. वॉकरमुळे मूल लवकर चालतं हा आपला गैरसमज. उलट जमिनीवर लोळण्या-रांगण्यातून पाठ आणि पाय बळकट होतात, तेच राहून जातं. पायरीवरून वॉकरसकट कोसळून डोक्याला मार लागतो तो वेगळाच. कॅनडानं तर २००४ साली वॉकरच्या विक्रीवरच बंदी घातली. आणि रांगण्याचं म्हणाल, तर जागतिक आरोग्य संघटनेनं भारतासह पाच देशांतल्या मुलांचा अभ्यास करून २००६ मध्ये जे मांडलं, त्यात निरोगी मुलं आठव्या महिन्यापासून अठराव्या महिन्यापर्यंत कधीही स्वतःहून चालायला लागतात असं दिसलं. काही मुलं तर रांगतच नाहीत, थेट धरून उभी राहतात. हे वाचून दाखवलं तेव्हा आमच्या थोरल्या मावशी म्हणाल्या, "म्हणजे शेजारणीचं बाळ चाललं म्हणून आपण उगाच झुरायचं नाही!" मी म्हटलं, हेच वहीत लिहा.

दुसरा धडा मोबाइलचा. तो अवघड गेला. जेवताना गाणी लावली की घास पटापट जातात, हा सगळ्यांचा अनुभव. पण दोन वर्षांच्या आत पडदा नकोच आणि त्यानंतर पाच वर्षांपर्यंत दिवसाला तासापेक्षा जास्त नको, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. कारण साधं आहे. मोबाइल बोलतो, पण बाळाच्या हुंकाराला उत्तर देत नाही. बाळ 'अं' म्हणालं की मावशीनं 'होय का रे?' म्हणायचं, मग बाळानं पुन्हा 'अं' करायचं. या देण्याघेण्यातूनच भाषा येते. एक मावशी हसून म्हणाली, "हे तर आम्ही रोजच करतो, याला पण अभ्यास म्हणतात होय?" चिऊ-काऊचे घास, मांडीवरची बडबडगीतं, तेल लावताना केलेल्या गप्पा हे सगळं त्यांना येत होतंच. त्याचं मोल काय, ते कुणी कधी सांगितलं नव्हतं.

आता मुख्य गोष्ट सांगते. आमच्यातल्या एका मावशीकडे दहा महिन्यांचं एक बाळ होतं. गोड, हसरं, अजिबात त्रास न देणारं. त्यांनी नाव लिहू नका असं बजावलंय, म्हणून नुसतं 'मावशी' म्हणते. एका रविवारी शाळा सुटल्यावर त्या मागं रेंगाळल्या. म्हणाल्या, "ताई, कुकरची शिट्टी झाली की माझ्याकडची दुसरी पोर दचकते. हे बाळ ढिम्म. हाक मारली तर बघत नाही, समोर गेले की खुदकन हसतं."

मला वाटलं, खेळात रमत असेल. पण कार्डावर तर सहा महिन्यांच्या आसपास मूल आवाजाच्या दिशेला मान वळवतं असं दिलेलं. मावशींना म्हटलं, "आठवडाभर बघा आणि वहीत लिहा. तारीख, तुम्ही काय केलंत, बाळानं काय केलं. एवढंच. तुम्हाला काय वाटतं ते लिहू नका."

पुढच्या रविवारी वही उघडली. वेडंवाकडं अक्षर, पण नोंदी स्पष्ट. 'सोमवार. पाठीमागून खुळखुळा वाजवला. वळला नाही.' 'मंगळवार. झोपला होता. ताट पडलं. उठला नाही.' 'बुधवार. दार आपटलं. वळला.' ही शेवटची नोंद बघून मला हायसं वाटलं. पण सेविका म्हणाली, "ताई, दार आपटलं की जमीन हादरते. ते त्याला अंगाला कळलं असेल." शिवाय आणखी एक नोंद होती. बाळ आधी बरंच 'बा-बा' करायचं, ते आता कमी झालंय. ऐकू न येणारी मुलंही पहिले काही महिने हुंकार देतात, आवाज काढतात. पुढं मात्र आपलाच आवाज ऐकू येत नसल्यानं ते मागं पडतं. हे आम्हाला तेव्हा कळलं.

पण हे आईला सांगायचं कुणी? मावशींचा जीव खालीवर. "काम गेलं तर, ताई? मालक बिछान्याला आहेत." भीती खोटी नव्हती. 'जेवताना टीव्ही नको' एवढंच सुचवलं म्हणून त्याच महिन्यात आमच्यातल्या एकीला दुसऱ्या दिवसापासून येऊ नका म्हणून सांगितलं होतं.

तरीही मावशींनी सांगितलं. संध्याकाळी बाळ देताना म्हणाल्या, "मॅडम, जरा ही वही बघता का?" बाळाची आई बँकेत. दमून आलेली. ती म्हणाली, "मावशी, तुम्ही डॉक्टर कधीपासून झालात?" आजींनी री ओढली, "आमच्याकडची मुलं उशिराच बोलतात. याचा बाबा तीन वर्षांचा झाल्यावर बोलला." दोन दिवस बाळ आलंच नाही. मावशी माझ्या ओसरीवर येऊन रडल्या. मलाही अपराधी वाटलं. माझ्याच सांगण्यावरून झालं होतं ना सगळं!

तिसऱ्या दिवशी आई स्वतः आली. रात्री तिनं झोपलेल्या बाळाजवळ स्टीलचं ताट पाडून पाहिलं होतं.

जिल्ह्याच्या ठिकाणी बेरा तपासणी झाली. बाळ झोपेत असताना डोक्याला छोट्या तारा लावून कानाकडून मेंदूकडे आवाज पोचतो का ते बघतात. दुखत-खुपत काही नाही. दोन्ही कानांना खूपच कमी ऐकू येत होतं. जन्मल्या जन्मल्या करायची साधी कानाची तपासणी या बाळाची झालेलीच नव्हती. वर्षाच्या आत मशीन बसलं आणि स्पीच थेरपी सुरू झाली. आता तो अडीच वर्षांचा आहे. बरोबरीच्या मुलांपेक्षा बोलण्यात मागे आहे, अजून बरीच मजल मारायची आहे. पण हाक मारली की वळतो. आणि मावशींना 'माव' म्हणतो.

हा चमत्कार नव्हे. ऐकू येत नाही हे जेवढं लवकर कळेल तेवढी भाषा वाचते, एवढंच. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी मोफत होते, आणि पुढच्या उपचारांसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत. शंका आली तर अंगणवाडी सेविकेला किंवा सरकारी दवाखान्यात विचारा.

आमच्या चुकाही सांगायला हव्यात. एका मावशीनं कार्डावरचा महिना बघून एका नव्या आईला उगाच घाबरवलं होतं. बाळ अगदी ठणठणीत निघालं. तेव्हापासून आमचा नियम ठरला. कार्ड धाक दाखवायला नाही, बघायला शिकण्यासाठी आहे. मावशीनं रोगाचं नाव घ्यायचं नाही. जे दिसलं ते सांगायचं आणि डॉक्टरकडे जा म्हणायचं.

शिकण्याला वय नसतं हे तर आपल्याच मातीत अनुताई वाघांनी दाखवून दिलंय. तेराव्या वर्षी लग्न, काही महिन्यांतच वैधव्य. दिवसा शिक्षिकेची नोकरी सांभाळत रात्रशाळेतून १९३७ साली त्या मॅट्रिक झाल्या आणि पदवी घेतली १९६१ मध्ये, पन्नाशी ओलांडल्यावर. १९४५ साली ताराबाई मोडकांबरोबर त्या बोर्डीला गेल्या आणि पुढं कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांमध्ये आयुष्य घालवलं. महागडी खेळणी परवडत नाहीत म्हणून या दोघींनी शिंपले, बिया, पानं, खडे यांतून शिक्षण उभं केलं. मूल शाळेत येत नाही तर शाळाच त्याच्या अंगणात न्यायची, ही त्यांची अंगणवाडी. ही गोष्ट मी सांगितली तेव्हा आमच्या लिहिता न येणाऱ्या मावशी म्हणाल्या, "मग मला पण आता अक्षरं शिकवा." त्या आता बाळाचं नाव वहीत स्वतः लिहितात.

मात्र एक गोष्ट मनाला लागून राहते. या बायका आपल्या एकुलत्या एक सुट्टीच्या दिवशी, घरची कामं मागं टाकून, आपल्या मुलांसाठी शिकताहेत. त्याचे त्यांना कुणी पैसे देत नाही, कुणी शाबासकीही देत नाही. 'सांभाळणारी बाई' एवढीच त्यांची ओळख. आपण नोकरीत ट्रेनिंगला जातो तेव्हा पगार मिळतोच ना? मग महिन्यातून एक अर्धा दिवस भरपगारी शिकायला आपण त्यांना का देऊ नये? त्या बँकेतल्या मॅडम आता देतात. महिन्यातल्या एका शनिवारी, बँकेला सुट्टी असते तेव्हा, त्या मावशींना दुपारनंतर घरी पाठवतात आणि पगार कापत नाहीत.

आज संध्याकाळी बाळ घ्यायला जाल, तेव्हा 'जेवलं का, झोपलं का' याच्या पुढं एक प्रश्न विचारा. "मावशी, आज काय नवीन दिसलं?" आणि दोन मिनिटं थांबून उत्तर ऐका. पर्सची चेन लावत, गाडी सुरू करत नको. त्या बाळाला दिवसभर पाहणारे डोळे मावशींचे आहेत. त्यांनी पाहिलेलं आपल्यापर्यंत पोचायला हवं.