छोटी अणुभट्टी : सुरक्षिततेचा आणि हिशेबाचा विचार

१२ ऑक्टोबर २०२०, सोमवार. सकाळी दहाच्या सुमारास मुंबई आणि उपनगरांची वीज एकाएकी गेली. लोकलगाड्या जागच्या जागी थांबल्या. घाटकोपरच्या आमच्या इमारतीत एक वयोवृद्ध शेजारी लिफ्टमध्ये अडकले. ते सुखरूप बाहेर येईपर्यंत सर्वांचा जीव टांगणीला लागला होता. त्या दुपारी पंख्याविना बसलो असताना मनात एक प्रश्न आला. आपल्या घरापासून काही किलोमीटरवर, ट्रॉम्बे येथे, भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. १९५६ साली देशातील पहिली अणुभट्टी ‘अप्सरा’ तेथेच कार्यान्वित झाली. वीज गेली, तर अणुभट्टीचे काय होते?

प्रश्न भाबडा नव्हता. ११ मार्च २०११ रोजी जपानमधील फुकुशिमा येथे भूकंप होताच चालू भट्ट्या आपोआप बंद झाल्या. परंतु बंद झालेली अणुभट्टी लगेच निवत नाही. प्रारंभी मूळ उष्णतेच्या सहा-सात टक्के उष्णता निर्माण होतच राहते आणि मग हळूहळू ओसरते. त्सुनामीने जनित्रे निकामी केली, पंप थांबले आणि तीन भट्ट्यांतील इंधन वितळले.

पंपावाचून निवणारी भट्टी बांधता येईल का? उच्च तापमानाच्या लहान अणुभट्टीचा विचार येथून सुरू होतो. आपल्याकडे वाफाळता चहा बशीत ओतून पिण्याची रीत आहे. चहा थोडा, पृष्ठभाग मोठा, म्हणून तो लवकर निवतो. पातेल्यातला तासभर गरम राहतो. लहान भट्टीलाही हाच न्याय लागू पडतो. आतील उष्णता बाहेरच्या भिंतीवाटे आपोआप निघून जाऊ शकते.

दुसरी भिस्त इंधनावर. सुमारे एक मिलिमीटर व्यासाच्या, मोहरीएवढ्या प्रत्येक कणाभोवती कार्बन आणि सिलिकॉन कार्बाइड यांचे थर चढवलेले असतात. हे कवच सुमारे १६०० अंश सेल्सियसपर्यंत किरणोत्सारी द्रव्ये आत कोंडून ठेवते. प्रत्येक दाण्याला स्वतःची तिजोरी, असे आम्हा बँकवाल्यांच्या भाषेत म्हणता येईल.

ट्रॉम्बेच्या शास्त्रज्ञांनी अशा एका भट्टीचा आराखडा तयार केला आहे : कॉम्पॅक्ट हाय टेम्परेचर रिॲक्टर. क्षमता अवघी १०० किलोवॉट उष्णतेची, म्हणजे आपल्या घरच्या सुमारे ५० गिझरांएवढी. इंधन थोरियम व युरेनियम-२३३ यांचे, एकदा भरले की पंधरा वर्षे चालावे असे. उष्णता वाहून नेण्यासाठी शिसे आणि बिस्मथ यांचे वितळलेले मिश्रण. ते सुमारे १२५ अंशांना वितळते आणि १६७० अंशांच्या आसपास उकळते. तापलेला द्रव वर चढतो, निवलेला खाली उतरतो, पंप नाहीच. तापमान मात्र १००० अंशांपर्यंत. हा आराखडा तंत्र सिद्ध करण्यासाठी आहे, घरोघरी वीज पुरवण्यासाठी नव्हे. परंतु एवढ्या तापमानावर पाण्यापासून हायड्रोजन वेगळा करता येतो. खते, पोलाद, रसायने यांच्या व्यवसायात असलेल्या वाचकांना त्याचे महत्त्व सांगावयास नको.

ही कल्पना कागदावरच राहिलेली नाही. चीनमधील शिदाओवान येथे प्रत्येकी २५० मेगावॉट उष्णतेच्या दोन भट्ट्या मिळून २१० मेगावॉट वीज देतात. म्हणजे शंभर भाग उष्णतेतून बेचाळीस भाग वीज; पाण्याने थंड होणाऱ्या नेहमीच्या भट्ट्यांत हे प्रमाण तेहतीसच्या आसपास असते. २०२३ साली तेथे चालू भट्टीचे शीतकरण मुद्दाम बंद करून पाहिले, आणि भट्टी आपली आपण निवली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये केंद्र व्यापारी तत्त्वावर सुरू झाले.

तथापि जमेची बाजू वाचून खाते मंजूर करण्याची सवय मला नाही. जर्मनीतील अशाच एका ३०० मेगावॉटच्या भट्टीचे बांधकाम १९७१ साली सुरू झाले, वीज १९८५ साली मिळाली आणि १९८९ साली ती कायमची बंद झाली. दक्षिण आफ्रिकेचा प्रकल्प ग्राहक व गुंतवणूकदार न मिळाल्याने २०१० साली गुंडाळला गेला. अणुऊर्जेत इंधनाचा खर्च थोडा, भांडवल अफाट; बांधकाम लांबले की व्याजच मुद्दलाला गिळते. लहान भट्टी म्हणजे स्वस्त वीज, असेही नाही; एकाच साच्याच्या अनेक भट्ट्या कारखान्यात घडल्या, तरच खर्च उतरेल. शिवाय जे कवच इंधनाला सुरक्षित ठेवते, तेच वापरलेल्या इंधनावर पुनर्प्रक्रिया करणे अवघड करते. तो वारसा नातवंडांच्या नावे मांडावा लागेल.

केंद्र सरकारने २०२५ च्या अर्थसंकल्पात लहान अणुभट्ट्यांच्या संशोधनासाठी २०,००० कोटी रुपयांचे अभियान जाहीर केले आणि २०३३ पर्यंत निदान पाच देशी भट्ट्या चालू करण्याचे उद्दिष्ट ठेवले. हा पैसा आपल्या करांतून येणार आहे. म्हणून ‘अणू’ हा शब्द ऐकताच घाबरू नये, आणि ‘सुरक्षित’ हा शब्द ऐकताच डोळे मिटूनही घेऊ नयेत. कर्ज देताना आम्ही तीन प्रश्न विचारत असू : तारण काय, मुदत किती, आणि बुडाले तर भरणार कोण? प्रत्येक भट्टीच्या बाबतीतही हेच तीन प्रश्न विचारावेत. पहिल्याचे उत्तर शास्त्रज्ञांनी पुष्कळ अंशी दिले आहे. उरलेली दोन मागण्याचा अधिकार, आणि कर्तव्यही, आपले आहे.