अंदमानचे तिकीट काढण्यापूर्वी

गेल्या डिसेंबरात शेजारच्या खेड्यातले एक आबाजी दवाखान्यात आले. वय बहात्तर, व्यवसाय शेती, हृदयाची ताकद कमी झालेली. त्यासाठी रोज सकाळी लघवीची गोळी चालू. पाहतो तो दोन्ही पायांवर सूज, बोटाने दाबले की खड्डा पडत होता. आठ दिवसांत वजन तीन किलोंनी वाढलेले. विचारले, "आबाजी, गोळी घेता ना?" म्हणाले, "बंद केली डाक्टरसाहेब. थे घेतली का घडी घडी उठा लागते. इमानात मी कोठी जाऊ?"

विमान सुटायला अजून सहा दिवस होते. हा नुसता सराव चालला होता!

पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाने वडिलांना 'काळे पाणी' दाखवायचे ठरवले होते. हौस मोठी, आणि योग्यच. सावरकर १९११ ते १९२१ अशी दहा वर्षे ज्या सेल्युलर जेलमध्ये होते, ते एकदा डोळ्यांनी पाहावे असे आपल्याकडे अनेकांना वाटते. पण मुलाने आखलेला प्रवास वाचून मलाच धाप लागली. रात्री बार्शीटाकळीहून गाडीने अकोला, तिथून मध्यरात्रीच्या रेल्वेने नागपूर, पहाटे विमान, कोलकात्याला थांबा, तिथून दुसरे विमान, दुपारी पोर्ट ब्लेअर आणि लगेच बोटीने स्वराज द्वीप, म्हणजे पूर्वीचे हॅवलॉक. (पोर्ट ब्लेअरचे नावही २०२४ मध्ये श्री विजयपुरम झाले आहे, पण लोकांच्या तोंडी अजून जुनेच, म्हणून मीही तेच वापरतो.) तिकिटे स्वस्तात मिळाली होती, म्हणून ही कसरत.

वाचकहो, अंदमान आपल्यापासून फार दूर आहे. चेन्नई किंवा कोलकात्यापासून बाराशे किलोमीटरच्या आसपास समुद्र ओलांडावा लागतो. विमानाला त्यासाठी दोन-सव्वादोन तास लागतात. त्या दोन तासांची मला चिंता नाही. चिंता आहे ती त्याआधीच्या जागरणाची, उपाशी राहण्याची आणि अठरा-वीस तास पाय लोंबकळत ठेवून बसण्याची. तरुण माणसाचे शरीर हे सारे सोसते. रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार असलेल्यांनी मात्र चेन्नईला किंवा कोलकात्याला एक रात्र मुक्काम करावा, दुसऱ्या दिवशी सकाळचे विमान घ्यावे. पोर्ट ब्लेअरला उतरल्यावर त्या दिवशी पुन्हा बोटीत बसू नये. हॉटेलचा एका रात्रीचा खर्च वाढतो, पण तो दवाखान्यापेक्षा स्वस्त पडतो.

विमानाच्या आत हवा आपल्या गावासारखी नसते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. आपला चिखलदरा समुद्रसपाटीपासून साधारण अकराशे मीटर उंच. उडत्या विमानातली हवा अठराशे ते चोवीसशे मीटर उंचीवर असावी इतकी विरळ असते, म्हणजे जवळजवळ दोन चिखलदरे एकावर एक ठेवले तितकी. निरोगी माणसाला ते जाणवतही नाही. पण ज्याला सपाट रस्त्यावर पन्नास पावले चालून दम लागतो, जिन्याचा एक मजला चढताना थांबावे लागते, त्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिकीट काढू नये. नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल, पोटाची किंवा डोळ्याची शस्त्रक्रिया झाली असेल, रक्त फारच कमी असेल, तर तीच गोष्ट. विदर्भात आणखी एक बाब लक्षात ठेवण्यासारखी आहे, ती सिकलसेलची. ज्याला प्रत्यक्ष आजार आहे त्याला विरळ हवा आणि पाण्याची कमतरता मिळून कळा सुरू होऊ शकतात. नुसता वाहक असेल तर घाबरण्याचे कारण नाही. कोणता अहवाल आहे, हे मात्र घरातला कागद काढून पाहावे.

आबाजींनी गोळीबरोबर पाणीही कमी केले होते. असे करणारे ते एकटे नाहीत. विशेषतः आपल्या मायमाउल्या प्रवासाच्या आदल्या दिवसापासून पाण्याचा पेला दूर ठेवतात. विमानातली हवा अतिशय कोरडी असते. रक्त दाटते, पाय न हलवल्याने पोटरीत गुठळी होण्याचा धोका वाढतो. तेव्हा थोडे थोडे पाणी पीत राहावे, तासा-दीड तासाने मधल्या वाटेने एक चक्कर मारावी, बसल्या जागी पावले वर-खाली करावीत. विमानात शौचालय असते. कडेची, मधल्या वाटेजवळची जागा मागून घ्यावी, म्हणजे कुणाला उठवावे लागत नाही. गुडघे दुखत असतील तर तिकीट काढतानाच चाकाची खुर्ची सांगून ठेवावी; त्यात लाज कसली?

लघवीच्या गोळीचा जोर साधारण सहा तास असतो. त्यामुळे प्रवासाच्या दिवशी ती मुक्कामी पोचल्यावर घेता येते. पण ही वेळ आपल्या डॉक्टरांनी ठरवून द्यायची, आपण नव्हे.

औषधांची पिशवी नेहमी हातातल्या सामानात. मोठी बॅग चुकली तर ती दोन दिवसांनी येईल, रक्तदाब तोवर थांबणार नाही. इन्सुलिन तर खालच्या सामानात कधीच टाकू नये, तिथल्या थंडीत ते गोठून निकामी होऊ शकते. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी आणि चार-पाच दिवस जास्तीच्या गोळ्या ठेवाव्यात, कारण समुद्र खवळला की बोटी रद्द होतात. मोठे सरकारी रुग्णालय, गोविंद वल्लभ पंत यांच्या नावाचे, पोर्ट ब्लेअरलाच आहे. लहान बेटांवर तशी सोय नाही. म्हणून परतीच्या विमानाची आदली रात्र पोर्ट ब्लेअरलाच काढावी.

मधुमेह्यांना आणखी एक सूचना. अंदमानचे घड्याळ आपलेच, पण सूर्य तासभर आधी मावळतो. साडेपाचला अंधार पडला म्हणून जेवणाची आणि इन्सुलिनची वेळ अलीकडे ओढू नये. घड्याळ पाहावे.

बोट लागत असेल तर अव्होमिनची गोळी निघण्याच्या तास-दोन तास आधी घ्यावी. तिने झोप येते. प्रोस्टेटचा त्रास किंवा काचबिंदू असेल तर आधी विचारावे. सर्दीत विमान उतरताना कान दुखतात. घोट गिळत राहावे, लहान मुलाला त्या वेळी अंगावर पाजावे.

तरुणांसाठीही एक गोष्ट आहे. पाठीला हवेची नळकांडी बांधून समुद्रात बुडी मारण्याचे वेड तिथे फार आहे. बुडीत रक्तात विरघळलेला नायट्रोजन वायू हळूहळू बाहेर पडतो. तो पुरता निघण्याआधी विरळ हवेत गेले तर त्याचे बुडबुडे होतात, सांधे दुखतात, क्वचित लकवाही होतो. बुडी आणि विमान यांत पूर्ण चोवीस तास जाऊ द्यावेत. आबाजींच्या चिरंजीवांनी बुडी ठेवली होती परतीच्या दिवशी सकाळी!

मी जाणे लांबणीवर टाकायला सांगितले. तिकिटांचे बरेच पैसे बुडाले. मुलगा फोनवर तुटकपणे बोलला आणि मला त्याचा राग आला नाही. गोळी पुन्हा सुरू केल्यावर आठवड्यात सूज उतरली. फेब्रुवारीत ते चेन्नईमार्गे, मुक्काम करत गेले. सावरकरांची कोठडी अगदी वरच्या मजल्यावर आहे. आबाजी प्रत्येक मजल्यावर टेकत टेकत चढले, असे सुनेने सांगितले.

परत आल्यावर तिसऱ्या आठवड्यात त्यांना कणकण आली. अंदमान-निकोबारात मलेरिया आहे, म्हणून तिथून आल्यावर महिना-दोन महिन्यांत ताप आला तर डॉक्टरांना "मी अंदमानला गेलो होतो" हे पहिले वाक्य सांगावे. आबाजींनी ते सांगितले. रक्त तपासले, मलेरिया निघाला नाही. साधी सर्दी होती.