लघुपटाची प्रसिद्धी : छापील कार्ड आणि समाजमाध्यम

चित्रपटाच्या प्रसिद्धीचा विचार आपल्याकडे बहुधा पूर्ण लांबीच्या चित्रपटापुरताच केला जातो. पूर्ण लांबीच्या चित्रपटास चित्रगृह असते, प्रदर्शनाची तारीख असते आणि तिकीट असते. प्रसिद्धीने काय साधावयाचे हे त्यामुळे आधीच ठरून गेलेले असते : अमुक दिवशी अमुक ठिकाणी माणसे यावीत व त्यांनी पैसे मोजावेत. लघुपटास यांपैकी बहुधा काहीच लाभत नाही. दहा-पंधरा मिनिटांचे चित्र कोणते चित्रगृह स्वतंत्रपणे लावणार ? वृत्तपत्रात जाहिरात द्यावी तर तिचा खर्च पुष्कळदा चित्राच्या खर्चाहून अधिक व्हावयाचा. महोत्सवातील पारितोषिक हीच काय ती लघुपटाची जाहिरात ठरते, आणि तीही पुष्कळदा उशिरा फळते. नागराज मंजुळे यांच्या 'पिस्तुल्या' या लघुपटास राष्ट्रीय पुरस्कारांत दिग्दर्शकाच्या पहिल्या कथाबाह्य चित्राचा मान मिळाला. परंतु दिग्दर्शकाचे नाव घरोघर पोहोचले ते 'फँड्री' (२०१३) आणि 'सैराट' (२०१६) यांच्यामुळे. मोठ्या चित्रपटाने धाकट्याची ओळख करून द्यावी असा हा उलटा प्रकार आहे.

प्रस्तुत लेखात ज्या दोन साधनांचा विचार करावयाचा आहे, ती म्हणजे छापील पोस्टकार्ड आणि समाजमाध्यमे. यांतील एक जुने व दुसरे नवे, म्हणून दुसऱ्याने पहिल्याची जागा घेतली, असे सामान्यतः मानले जाते. माझ्या मते ही समजूत चुकीची आहे. समाजमाध्यम संदेश दूरवर नेते, पण जाता जाता त्यातील वेळ आणि स्थळ पुसून टाकते. कार्ड थोड्यांच्याच हाती पडते, परंतु ते वेळ आणि स्थळ बरोबर घेऊन येते. लघुपटाजवळ जे मुळातच नसते ते हेच, वेळ आणि स्थळ. म्हणून दोहोंची कामे वेगळी आहेत, आणि ती एकमेकांवर लादली की दोन्ही वाया जातात.

छपाई आणि चित्रपट यांचा संबंध आपल्याकडे प्रारंभापासूनचा आहे, हे येथे लक्षात घ्यावयास हवे. दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळले ते छापखान्यातून. लोणावळ्याजवळील रविवर्मा छापखान्यात त्यांनी काम केले. देवदेवतांची रंगीत चित्रे घरोघर नेणाऱ्या याच छापखान्याने चित्रकार्डेही काढली होती. पुढे १९०८ मध्ये फाळक्यांनी स्वतःचा छपाईचा व्यवसाय सुरू केला. १९१२ मध्ये विलायतेहून परतल्यावर त्यांनी जे पहिले चित्र घेतले ते एक लघुपटच होते. कुंडीत वाटाण्याचे दाणे पेरून त्यांची वाढ महिन्याहून अधिक काळ टिपली आणि तिचे मिनिटभराचे चित्र केले. 'अंकुराची वाढ' या नावाने ते ओळखले जाते. हे चित्र तिकीट लावून दाखविण्यासाठी नव्हते. निवडक मंडळींना घरी बोलावून ते दाखविण्यात आले आणि यशवंतराव नाडकर्णी, नारायणराव देवहारे यांच्यासारख्यांनी ते पाहून पैसा उभा करण्याची तयारी दर्शविली. या लघुपटाचा हा पहिला प्रेक्षकवर्ग मोजका होता, निमंत्रित होता आणि समोरासमोर बसलेला होता.

'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशनमध्ये लागला. तो पुढे सुरतेस गेला असता पहिल्या दिवसाचे उत्पन्न अवघे तीन रुपये झाले, असे सांगतात. तेथील प्रेक्षकास थोड्या पैशांत रात्रभर चालणाऱ्या नाटकाची सवय. दीड तासाच्या चित्रासाठी तीन आणे देणे त्यास परवडेना. तेव्हा फाळक्यांनी जाहिरात दिली की, सत्तावन्न हजार छायाचित्रांचा हा खेळ असून चित्राची लांबी दोन मैल आहे, आणि हे सर्व केवळ तीन आण्यांत. उत्पन्न वाढले. ही गोष्ट कौतुकाने सांगितली जाते, परंतु तिच्यातील आकडे सहसा कोणी पडताळीत नाही. चित्राची लांबी सुमारे ३,७०० फूट होती. पस्तीस मिलिमीटर फितीच्या एका फुटात सोळा छायाचित्रे बसतात. त्या हिशेबाने सत्तावन्न हजार छायाचित्रांची लांबी ३,५६२ फूट भरते. म्हणजे पहिला आकडा जवळजवळ बरोबर आहे. दोन मैल म्हणजे मात्र १०,५६० फूट. येथे जाहिरातदाराने सत्याची जवळजवळ तिप्पट केली! एक खरा आकडा आणि त्याच्या आश्रयाने चालणारा दुसरा फुगविलेला आकडा, ही जोडी प्रसिद्धीच्या इतिहासात पुढे वारंवार भेटते. आजच्या 'दर्शनसंख्ये'कडे वळताना तिचा विसर पडू नये.

आता एखादे प्रत्यक्ष स्थळ डोळ्यांपुढे ठेवून विचार करणे सोयीचे होईल. त्यासाठी पेण तालुक्यातील वडखळ हे गाव घेऊ. मुंबई-गोवा महामार्गावरून अलिबागचा रस्ता येथे फुटतो. पश्चिमेस धरमतरची खाडी, भोवताली खारभूमीची भातशेती व मिठागरे, शेजारी डोलवीचा पोलाद कारखाना, आणि थोड्या अंतरावर गणेशमूर्तींसाठी व पोह्यांच्या पापडांसाठी नावाजलेले पेण. जमिनीचा प्रश्न या भागास नवा नाही. २००८ च्या सप्टेंबरात विशेष आर्थिक क्षेत्राच्या प्रश्नावर हेटवणे लाभक्षेत्रातील २२ गावांचे जनमत घेण्यात आले होते. समजा, याच परिसरातील दोघाचौघा तरुणांनी खाडीचे पाणी शेतात शिरू नये म्हणून घातलेले बांध, त्यांतील उघाड्या आणि त्यांची राखण करणारी माणसे यांवर पंधरा मिनिटांचा लघुपट काढला. तो कोणी पाहावा ? एक, ज्यांची शेते त्यात दिसतात त्यांनी. दोन, महामार्गावरून वर्षानुवर्षे जाऊनही ती शेते ज्यांनी पाहिलेली नाहीत त्यांनी. तीन, चित्रपटाच्या जाणकारांनी. हे तीन वर्ग एका संदेशाने गाठता येत नाहीत. व्यवहारात मात्र तिन्ही वर्गांस एकच दुवा पाठविला जातो, आणि पहिला वर्ग, ज्याच्यासाठी चित्राला काही अर्थ आहे तोच, सर्वांत शेवटी राहतो किंवा राहूनच जातो.

या पहिल्या वर्गासाठी कार्ड उपयोगी पडते. येथे टपालखात्याचा एक बारकावा ध्यानी घेण्याजोगा आहे. आपल्याकडे पोस्टकार्ड १ जुलै १८७९ रोजी पाव आण्यास सुरू झाले. अनेक वर्षे चालत आलेल्या दरांप्रमाणे साधे कार्ड पन्नास पैशांचे; पण त्यावरचा मजकूर छापलेला असेल तर त्यास सहा रुपये पडतात. हाताने लिहिणाऱ्यास स्वस्त आणि छापणाऱ्यास बारापट महाग, असा हा न्याय आहे. पाचशे छापील कार्डे टपालाने धाडावयाची तर तीन हजार रुपये लागतील. तीच हाताने लिहिली तर अडीचशे. कारखानदारास हा भेद जाचक वाटेल. लघुपटकारास तो उपकारकच आहे. चार तरुणांनी चार संध्याकाळी बसून पाचशे कार्डे लिहिली, प्रत्येकावर घरच्या वडीलधाऱ्याचे नाव घातले आणि 'अमुक रविवारी सायंकाळी शाळेत आपल्या बांधाचे चित्र दाखवीत आहोत, अवश्य यावे' एवढाच मजकूर घातला, तर ते कार्ड जाहिरात उरत नाही. ते आमंत्रण होते. लग्नाची पत्रिका कोकणात अजूनही हाती नेऊन दिली जाते, ती काही माहिती पोहोचविण्यासाठी नव्हे.

छापील चित्रकार्ड टपालात न टाकता हातोहात देण्यासाठी राखावे. फ्रान्समधील क्लेरमाँ-फेराँ येथील लघुपट महोत्सवासारख्या ठिकाणी अशी कार्डे टेबलांवर पसरलेली असतात. पुढे एक चित्र, मागे नाव, अवधी, भाषा आणि संपर्क. वडखळास महोत्सव नाही, परंतु थांबा आहे. भाद्रपदात गणपतीसाठी कोकणात निघालेल्या गाड्यांची येथे किती दाटी होते, हे त्या रस्त्याने गेलेल्यास सांगावयास नको. ज्याला कोठे जाता येत नाही आणि ज्याच्या हाती भ्रमणध्वनी आहे, अशा माणसास चहाच्या टपरीवर मिळालेले कार्ड दुसऱ्या वर्गातील प्रेक्षक करू शकते. कार्डावरील चौकोनी संकेतचिन्ह, ज्यास सर्वजण 'क्यूआर कोड' म्हणतात, ते १९९४ मध्ये जपानात मोटारींच्या सुट्या भागांचा माग ठेवण्यासाठी निघाले. आपल्याकडे ते रूढ केले २०१६ पासून पसरलेल्या यूपीआय देवघेवीने. पापड विकणाऱ्या बाईंच्या टोपलीपाशीही ते आता असते. म्हणून ते कसे वापरावे याची शिकवण द्यावी लागत नाही. कार्डावर मजकूर मात्र थोडा असावा. चित्राचे नाव, एक ठसठशीत दृश्य, अवधी आणि ते संकेतचिन्ह, इतके पुरे. 'अवधी पंधरा मिनिटे' हे शब्द विसरू नयेत. अडकलेल्या माणसाला तेच प्रथम हवे असतात. कार्डे वाटून झाल्यावर रस्त्यावर पडलेली उचलून आणावीत, हेही सांगून ठेवतो, कारण आपलेच कार्ड चिखलात पाहणे ही वाईट जाहिरात असते.

समाजमाध्यमांचे काम याहून वेगळे. व्हॉट्सॲपवरील संदेश पूर्वी पुष्कळांस एकदम पुढे पाठविता येत असे. २०१८ मध्ये अफवांमुळे ठिकठिकाणी माणसे मारली गेली. धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यास त्या वर्षीच्या १ जुलै रोजी पाच जणांचा बळी गेला. त्यानंतर भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे धाडता येईल अशी मर्यादा आली, आणि २०२० मध्ये वारंवार पुढे गेलेल्या संदेशांसाठी ती एकावर आणण्यात आली. प्रसिद्धीच्या दृष्टीने याचा अर्थ असा की, केवळ 'पुढे पाठवा' असे आवाहन करून काही साधत नाही. ज्याचा त्याचा संदेश स्वतः लिहिलेला असावा लागतो. गावच्या भजनी मंडळाच्या, बचत गटाच्या, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या गटात त्या त्या गटातील माणसानेच दोन ओळी लिहून दुवा टाकणे, हे मंद वाटले तरी परिणामकारक असते. येथेही शेवटी हस्ताक्षराचाच न्याय लागू पडतो.

उघड्या माध्यमांवर, म्हणजे यूट्यूब, फेसबुक, इन्स्टाग्राम यांवर, चित्र अनोळखी माणसापर्यंत जाते खरे. पण तेथेच दोन मैलांचा आकडा पुन्हा भेटतो. 'दर्शन' कशास म्हणावे हे त्या त्या कंपनीने ठरविलेले असते. फेसबुकने तीन सेकंद पाहणे हेच दर्शन धरले होते, आणि पाहण्याच्या सरासरी वेळेचा आकडा आपण फुगवून सांगत होतो हे २०१६ मध्ये त्यास मान्य करावे लागले. यूट्यूबच्या उभ्या छोट्या चित्रफितींत ३१ मार्च २०२५ पासून चित्र नुसते सुरू झाले तरी ते दर्शन मोजले जाते. उघाडीवरच्या म्हाताऱ्या राखणदाराचे बोलणे सुरू होण्यापूर्वीच अंगठा वर सरकला, तरी आकड्यात एकाची भर पडते. अशा दहा हजारांवर समाधान मानून बसलेले तरुण दिग्दर्शक पाहिले म्हणजे खेद होतो. त्यांचे चित्र वाईट असते असे नव्हे, त्यांना ते कोणी पाहिले हे कळलेलेच नसते. येथे पाहावयाचा आकडा दुसराच आहे : शेवटपर्यंत किती जण राहिले, आणि कोणत्या क्षणी बहुतेकांनी सोडून दिले. हे आलेख ही माध्यमे चित्रकारास देतात. पुढच्या चित्राच्या संकलनासाठी त्यांचा अभ्यास एखाद्या परीक्षणाहून अधिक मोलाचा ठरतो.

कायद्याच्या व नियमांच्या दोन अडचणी सांगितल्याखेरीज हा विषय पुरा होत नाही. १९५२ च्या चलचित्रपट अधिनियमानुसार सार्वजनिक प्रदर्शनास प्रमाणपत्र लागते. शाळेच्या पटांगणावरचा खेळही त्यातून आपोआप सुटत नाही. इंटरनेटवर तेच चित्र या प्रमाणपत्राविना टाकता येते. लाखो अनोळखी लोकांस दाखविणे सोपे आणि शंभर शेजाऱ्यांस दाखविणे अवघड, असा हा विपर्यास आहे. म्हणून कार्डावर तारीख छापण्यापूर्वी प्रमाणपत्राची व्यवस्था करावी. दुसरी अडचण तिसऱ्या वर्गाची, म्हणजे जाणकारांची. काही महोत्सव आधीच इंटरनेटवर प्रसृत झालेले चित्र घेत नाहीत. ऑस्करच्या लघुपट विभागात तर पात्रता मिळण्यापूर्वी चित्र इंटरनेटवर आले की ते बाद होते. (तेथे लघुपटाची व्याख्या चाळीस मिनिटांपर्यंतची आहे.) अशा वेळी पाहता न येणाऱ्या चित्राची प्रसिद्धी करावी लागते. कार्डावरील संकेतचिन्ह मग चित्राकडे न नेता मिनिटभराच्या झलकेकडे आणि नाव नोंदविण्याच्या पानाकडे न्यावे. चित्र खुले झाले की त्या नावांस कळवावयाचे.

क्रम म्हणून मी असा सुचवीन. प्रथम गावातील खेळ, हस्तलिखित कार्डांवर. त्यानंतर महोत्सवांची फेरी, छापील कार्ड हाती घेऊन. आणि सर्वांत शेवटी इंटरनेटवर चित्र खुले करणे. सामान्यतः हा क्रम उलटा असतो, कारण बटण दाबणे हे कार्ड लिहिण्यापेक्षा सोपे आहे.

प्रत्येक ठिकाणच्या कार्डावर वेगळे संकेतचिन्ह छापले तर नाक्यावरून किती आले, अलिबागच्या फाट्यावरून किती, पेणच्या मूर्तिशाळांतून किती, हे वेगवेगळे कळते. त्यासाठी जादा खर्च नाही, केवळ छापखान्यात मजकूर देताना दक्षता हवी. गावातील खेळास आलेल्यांची संख्या मात्र कोणतेही यंत्र सांगत नाही. ती दारात उभे राहून मोजावी लागते, आणि खेळ संपल्यावर जे बोलावयास मागे थांबले त्यांची वेगळी.