लिटरमागे ०.५६ ग्रॅम

भारतात १ फेब्रुवारी २००० पासून सगळीकडे शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले. १९९४ पूर्वी मात्र ८७ ऑक्टेनच्या पेट्रोलमध्ये लिटरमागे ०.५६ ग्रॅमपर्यंत शिसे चालत असे. आकडा किरकोळ वाटतो, म्हणून ढोबळ हिशेब मांडू. लिटरला १५ किलोमीटर धावणाऱ्या १०,००० गाड्या रोज एका रस्त्याने गेल्या, तर रस्त्याच्या दर किलोमीटरवर वर्षाला सुमारे १३६ किलो शिसे खपते. त्यातले पाऊण, म्हणजे शंभरेक किलो, धुरावाटे बाहेर पडते. बारीक कण लांब उडतात. दोन्ही बाजूंच्या ५०-५० मीटर पट्ट्यांत चौथाईच पडले असे धरले, तरी वरच्या १० सेंटिमीटर मातीत किलोमागे दरसाल २ मिलिग्रॅमची भर पडते. मातीत मुळात २० मिलिग्रॅमच्या आसपास असते. म्हणजे दहा वर्षांत दुप्पट.

इतके पावसाळे झाले, मग हे शिसे वाहून का गेले नाही? पालापाचोळा कुजून झालेल्या ह्यूमसवर कार्बोक्सिल आणि फिनॉल गट असतात. त्यांतला हायड्रोजन सुटला की ऋणभार उरतो, आणि धनभारित धातू तिथे येऊन बसतो. शिसे आणि तांबे तर दोन-दोन गटांच्या चिमट्यात सापडतात. कॅल्शियम त्यांना सहजी हुसकावू शकत नाही. जस्ताची पकड सैल असते.

अशा ऋणभारित जागांची मोजणी धनायन विनिमय क्षमतेने होते. ह्यूमसची ती किलोमागे २०० सेंटिमोलच्या वर, केओलिनाइट चिकणमातीची ३ ते १५. कोकणातल्या जांभ्या मातीत चिकणमाती मुख्यतः केओलिनाइटची, त्यामुळे तिथे धातू धरण्याचा भार ह्यूमसवरच. देशावरच्या काळ्या मातीत स्मेक्टाइट आणि चुनखडीही हातभार लावतात. सामू एकाने उतरला की हायड्रोजन आयन दहापट होतात आणि त्याच जागांवर हक्क सांगतात.

ह्यूमसने धरले म्हणून धातू संपला असे मात्र नाही. ह्यूमसही कुजतो, आणि त्याचे विरघळणारे तुकडे धातू घेऊन खाली उतरतात. अशा मातीची धूळ लहान मुलाच्या पोटात गेली, तर जठरातल्या आम्लाने शिसे सुटते.

धुराडे नसलेली विजेची गाडीही यातून सुटत नाही; ब्रेक आणि टायर तिचेही झिजतात. कॅलिफोर्नियाने ब्रेक पॅडमधल्या तांब्यावर २०२१ पासून ५ टक्के आणि २०२५ पासून ०.५ टक्के अशी मर्यादा घातली. टायरच्या रबरात झिंक ऑक्साइड १-२ टक्के असते. टायर झिजतो तसे ते रस्त्याकडेला साठते, आणि जस्ताला धरून ठेवणे ह्यूमसला शिशाइतके जमत नाही.